परड्यातले सरळ वाणाचे टोमॅटो : कोल्हापूर, ऑगस्ट ते फेब्रुवारीच्या प्रकल्प नोंदी

२४ ऑगस्ट

पेरणीची तारीख फुलावरून मागे मोजून काढायची. टोमॅटोचं फळ धरायला रात्रीचं तापमान साधारण १५ ते २१ अंश लागतं. दिवसा ३५ च्या वर गेलं, किंवा रात्री २३-२४ च्या खाली उतरेना, की पराग निकामी होतो आणि फूल देठाच्या गाठीशी पिवळं पडून गळतं. कोल्हापुरात हे गणित नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चांगलं जमतं. म्हणजे फुलं त्याच काळात यायला हवीत. लावणीनंतर फुलं यायला पाच-सहा आठवडे आणि त्याआधी रोप तयार व्हायला पाच आठवडे, असं मागे आलं की ऑगस्टचा शेवटचा आठवडा सापडतो.

जूनमध्ये पेरलेलं करप्यात, म्हणजे पानं जाळणाऱ्या बुरशीच्या रोगात, जातं. जानेवारीत पेरलेलं मार्च-एप्रिलच्या उन्हात नुसता पाला वाढवतं, आणि पांढरी माशी तेव्हाच जोरात असते. संकरित वाणं हे बऱ्यापैकी सोसतात. मोठ्या फळाच्या जुन्या वाणांना तेवढी ढील नाही, त्यांना तारीख चुकलेली चालत नाही.

यंदाची लावणी १६ रोपांची. गादीवाफ्यावर गावठी ६, चेरोकी पर्पल ४, ब्रँडीवाइन २. सॅन मार्झानो ४, ती ग्रो बॅगेत. चेरोकी पर्पल अमेरिकेतल्या टेनेसीचा. १९९० मध्ये त्याचं बी क्रेग लहूलिअर यांच्याकडे पोचलं आणि हे नाव त्यांनीच दिलं. सॅन मार्झानो इटलीतल्या नेपल्सकडचा, लांबट, कमी रसाचा, सॉसचा. गावठी म्हणजे आपल्याकडचा चपटा, पाकळ्या पडलेला, आंबट टोमॅटो. सारासाठी त्याच्या तोडीचा दुसरा नाही. चारही सरळ वाण, म्हणजे धरलेल्या बियांतून तसंच झाड येतं. पुसा रुबीसारखं संशोधन संस्थेतून आलेलं वाणही सरळच, त्याचंही बी धरता येतं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नये; पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळं फळ निघतं.

२७ ऑगस्ट

बियांना गरम पाण्याची प्रक्रिया. बियांवरून आणि बियांच्या आतून येणारे जिवाणूजन्य रोग यात बरेच मरतात. ५० अंश, २५ मिनिटं. अंदाजाने करायचं काम नव्हे : ५२ च्या वर गेलं की बी मरतं, ४८ च्या खाली राहिलं की रोग मरत नाही. सोपी पद्धत म्हणजे दोन लिटरचा थर्मास आणि स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर. बी मलमलच्या पुरचुंडीत सैल बांधायचं, आत एखादा स्टीलचा नट टाकायचा म्हणजे पुरचुंडी तरंगत नाही. आधी १० मिनिटं ३८ अंशाच्या पाण्यात, मग थर्मासात. दर पाच मिनिटांनी तापमान बघून लागेल तसं चमचा-चमचा गरम पाणी घालायचं. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं साध्या पाण्यात गार करून कागदावर पसरायचं. तीन वर्षांपेक्षा जुन्या बियांना आणि रंगीत औषध लावलेल्या विकतच्या बियांना हे करू नये.

पेरणीचं मिश्रण : धुतलेलं कोकोपीट दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, आणि पाच किलो मिश्रणाला ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी). कोकोपीटची वीट भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून, असं दोन-तीनदा करायचं. त्यातला खारटपणा निघाला नाही तर कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि दोष उगाच खताला लागतो.

५० खाचांचा ट्रे. प्रत्येक खाचेत एक बी, पाऊण सेंटिमीटर खोल. वरवर पेरलं तर कोंब टरफल डोक्यावर घेऊनच वर येतो आणि दलं, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पानं, त्यात अडकतात. असं झालंच तर टरफल ओढायचं नाही. ओल्या कापसाने भिजवून दहा मिनिटांनी अलगद सोडवायचं.

२ सप्टेंबर

गावठी पाचव्या दिवशी वर. चेरोकी आणि सॅन मार्झानो आज. ब्रँडीवाइन अजून नाही, तो नेहमी मागे.

पहिला हिरवा ठिपका दिसला त्याच दिवशी ट्रे उजेडात. पावसाळी आभाळाखाली खिडकीतला उजेड पुरत नाही, रोपं दोन दिवसांत सुतासारखी लांबतात. पारदर्शक पत्र्याखाली, चारही बाजूंनी ५० मेशची नायलॉन जाळी लावून ट्रे ठेवला आहे. जाळी पांढऱ्या माशीसाठी. मच्छरदाणीची भोकं मोठी असतात, त्यातून ती आरामात आत जाते. लीफ कर्ल, ज्याला शेतकरी बोकड्या म्हणतात, त्याचा विषाणू तिच्यामार्फत रोपवाटिकेतच शिरला तर त्या झाडाकडून फळाची आशा ठेवू नये.

पाणी सकाळी, खालून : ट्रे घमेल्यातल्या दोन बोटं पाण्यात दहा मिनिटं ठेवून उचलायचा. वरचा थर ओला राहिला की रोप जमिनीलगत पाणचट होऊन, तिथेच बारीक पडून आडवं होतं. ही मर एका खाचेतून शेजारच्या खाचेत चोवीस तासांत जाते. आडवं पडलेलं रोप मिश्रणासकट काढून टाकायचं आणि एक दिवस पाणी तोडायचं.

१५ सप्टेंबर

दोन खरी पानं झाली. रोपं चार इंची पिशव्यांत, दलांपर्यंत मातीत. टोमॅटोच्या खोडाला गाडलेल्या भागातून मुळ्या फुटतात, म्हणून खोल लावायला भ्यायचं नाही. उचलताना पानाला किंवा दलाला धरावं. खोडाला चिमटा बसला तर रोप गेलं.

ब्रँडीवाइनची निवड आजच करता येते. त्याचं पान बटाट्यासारखं असतं, कडा अखंड, दाते नाहीत. हा गुण सुप्त आहे, म्हणजे दुसऱ्या वाणाचा पराग शिरला असेल तर रोपाला साधं दातेरी पान येतं. आठ रोपांत एक तसं निघालं, ते काढून टाकलं. फळाची वाट न बघता भेसळ ओळखण्याची ही सोय इतर तीन वाणांत नाही.

हाताची एक गोष्ट. तंबाखू मळलेल्या हातांनी तरवा हाताळू नये. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोलाही लागतो आणि वाळलेल्या पानात, अगदी पुडीतसुद्धा, तो जिवंत राहतो. तंबाखूची निपाणी इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा हा धोका पुस्तकी नाही. साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच रोपाला हात लावायचा. मदतीला आलेल्या गड्यालाही हे आधी सांगावं.

२१ सप्टेंबर

दोन दिवस उघडीप, वाफसा आला, म्हणजे मातीत कामापुरतीच ओल राहिली. काळ्या मातीत वाफसा नसताना खुरपं घातलं की ढेकळं होतात आणि ती हंगामभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. फुटला तर काम करा, थापटला तर थांबा.

गादीवाफा १२ फूट लांब, ४ फूट रुंद, ९ इंच उंच. त्यात कुजलेलं शेणखत सहा घमेली, निंबोळी पेंड दोन किलो आणि निचऱ्यासाठी तांबडी माती आठ घमेली. साखर कारखान्याची मळी स्वस्त मिळते पण ती वर्षभर कुजलेलीच हवी; ताजी मळी ढिगात तापते आणि मुळ्या भाजते. हात घालून बघावा, गरम लागली तर परत.

वाफ्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये आफ्रिकन झेंडू, आधीच ऑगस्टच्या सुरुवातीला पेरलेला. टोमॅटोला फुलं यायच्या वेळी झेंडू फुललेला असला पाहिजे, तरच हिरव्या अळीची अंडी घालणारा पतंग तिकडे वळतो. टोमॅटोबरोबरच पेरलेला झेंडू शोभेपुरता राहतो.

ग्रो बॅग १५ बाय १५ इंच, साधारण ४० लिटर. त्यात तांबडी माती चार भाग, गांडूळखत तीन, कोकोपीट दोन, भाताचं तूस एक. यापेक्षा लहान कुंडीत उंच वाढणारा टोमॅटो लावण्यात अर्थ नाही. दुपारी रोज मान टाकतो.

२८ सप्टेंबर

रोपं जाळीबाहेर काढायला सुरुवात. पहिले दोन दिवस सकाळचं दोन तास ऊन, मग वाढवत नेऊन सहाव्या दिवशी पूर्ण दिवस. पाणी थोडं कमी. खोड जांभळट झालं की रोप तयार झालं असं समजायचं. सरळ उन्हात नेलेल्या रोपाची पानं पांढरी पडतात.

४ ऑक्टोबर

लावणी. वेळ संध्याकाळी पाचनंतरची. दोन ओळींत अडीच फूट, रोपांत दोन फूट. खालची पानं काढून रोप निम्म्याहून जास्त गाडलं. खड्ड्यात मूठभर गांडूळखत आणि चमचाभर ट्रायकोडर्मा. युरिया नाही, कुठल्याच टप्प्यावर नाही. नत्र जास्त झालं की झाड काळपट हिरवं, जाड खोडाचं, पानं आत वळलेलं होतं. बघायला देखणं दिसतं, फुलं मात्र उशिरा धरतं.

काठ्या आजच रोवायच्या. नंतर रोवल्या की मुळ्या तुटतात. आठ फुटी कळक, दोन फूट जमिनीत. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारातली सुतळी पुरते.

१७ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. दुपारी उकाडा, चारला गडगडाट, रात्रभर पानं ओली. करप्याला एवढं पुरेसं असतं. पाऊस थांबल्यावर बोर्डो मिश्रण मारलं, कोवळ्या झाडांसाठी अर्ध्या टक्क्याचं : १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि ५० ग्रॅम कळीचा चुना.

करण्याची रीत महत्त्वाची. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात, फडक्यात बांधून लटकवून विरघळवायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. चुना वेगळा विझवून, गाळून, ५ लिटर करायचा. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात बारीक धारेने, ढवळत. उलट ओतलं तर गुठळ्या होऊन पंपाचं नोझल तुंबतं. शेवटी घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवायचा. त्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पान जाळेल. आणखी चुन्याचं पाणी घालून पुन्हा तपासायचं. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

२६ ऑक्टोबर

बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे कोंब, काढल्या. चेरोकी आणि ब्रँडीवाइन दोन खोडांवर : मुख्य शेंडा आणि पहिल्या फुलगुच्छाच्या लगेच खालची एक बगलफूट. गावठीला तीन खोडं. फूट करंगळीएवढी असतानाच बोटाने बाजूला मोडायची, सकाळी दहानंतर, म्हणजे जखम उन्हात सुकते. सगळं झाड सोलून एका काठीवर न्यायचं खूळ इथे चालत नाही. पाला कमी झाला की डिसेंबरच्या दुपारीही फळाच्या खांद्यावर पांढरा चट्टा पडतो.

फुटी काढून राहिलेल्या खोडांना सुतळी आठच्या आकारात बांधली. खोडाभोवती बोट जाईल एवढी सैल.

जीवामृत सुरू, पंधरवड्याने एकदा, झाडाला अर्धा लिटर. २० लिटर पाण्याला शेण १ किलो, गोमूत्र १ लिटर, गूळ २०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, वाफ्यातली मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळायचं. त्यासाठी गुळाचा पिवळाधमक रवा (ढेप) फोडू नये. काळा गूळ जास्त चांगला आणि अर्ध्या किमतीत.

९ नोव्हेंबर

गावठीला फुलं. चेरोकीचा पहिला गुच्छ दिसतो आहे. त्यातलं पहिलं फूल दुप्पट रुंद, दोन-तीन फुलं चिकटल्यासारखं, ते खुडलं. त्याचं फळ वेडंवाकडं, भेगाळ होतं आणि गुच्छातल्या बाकीच्यांचं खातं.

गावठीतल्या ३ नंबरच्या झाडाचा शेंडा आखूड, पानं वर वळलेली, कडा पिवळ्या : बोकड्या. उपटून, पिशवीत बांधून बाहेर. याला औषध नाही, आणि ठेवलं तर तेच झाड बाकीच्यांना पुरवठा करतं. पांढरी माशी चिकटावी म्हणून पिवळ्या प्लास्टिकच्या तुकड्यांना एरंडेल लावून झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर टांगले. ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी, आठवड्याने : ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून चिमूटभर साबणचुरा.

२२ नोव्हेंबर

बियांसाठी झाडं नक्की केली. गोमटं फळ बघून बी धरतात ती सवय वाईट. आधी झाड निवडायचं : परतीच्या पावसात कमी करपलेलं, फुलं लवकर धरलेलं, खालपासून वरपर्यंत सारखे गुच्छ असलेलं. त्याला लाल दोरा. कोल्हापूरच्या हवेला जुळलेलं वाण हवं असेल तर निवड इथे होते आणि ती वर्षानुवर्षं करत राहावी लागते. गावठीत १, ४ आणि ५, चेरोकीत २ आणि ३. ब्रँडीवाइनची दोनच झाडं, निवडीला वावच नाही.

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. पण ब्रँडीवाइनसारख्या मोठ्या फुलाच्या वाणात कुक्षी, म्हणजे पराग झेलणारं टोक, परागकोषांच्या नळीबाहेर डोकावते, तिथे भेसळ होते. म्हणून निवडलेले गुच्छ कळीतच ऑर्गेन्झाच्या पिशवीत घातले. पिशवीत भुंगा जात नाही, तेव्हा हलवायचं काम आपलं. सकाळी दहा ते बारा, फूल पूर्ण उघडलेलं, पाकळ्या मागे वळलेल्या, तेव्हा विजेवरच्या टूथब्रशची पाठ गुच्छाच्या देठाला दोन सेकंद लावायची. काळ्या कागदावर पिवळी भुकटी पडताना दिसते. मधमाशीला हे थरथरवणं जमत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची रानमाशी यांना जमतं. फळ वाटाण्याएवढं झालं की पिशवी काढून देठाला दोरा.

१२ डिसेंबर

सॅन मार्झानोच्या सात फळांच्या बुडाला तपकिरी, चामड्यासारखा खोलगट डाग. बुरशी नव्हे, फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही. कॅल्शियम फक्त पाण्याबरोबर वर चढतं आणि फळापेक्षा पानं ते जास्त ओढतात. लांबट फळाला हे जास्त होतं, बॅगेत त्याहून जास्त. बॅग दुपारी कोरडी, संध्याकाळी चिंब, हा खेळ हेच मुख्य कारण. शिवाय कोकोपीट स्वतःच कॅल्शियम धरून ठेवतं. डागाळलेली फळं खुडली. पाणी सकाळी दोन लिटर आणि दुपारी दीड, असं तोडून. कॅल्शियम नायट्रेट लिटरला २ ग्रॅम, मुळाशी, एकदाच. पानांवर फवारून उपयोग होत नाही, पानातून फळात ते जवळजवळ जातच नाही. वाफ्यावर ही तक्रार नाही, कारण मातीचा साठा मोठा.

ऊसतोड सुरू आहे, पाचट मुबलक. तीन इंचांचा थर, खोडापासून चार बोटं सोडून. वरच ठेवायचं, मातीत मिसळलं तर कुजताना नत्र खेचून घेतं.

पानांवर काळे तुकडे पडत आहेत. ती फड पेटवल्याची काजळी. बोट फिरवलं की पुसली जाते. बोटाला चिकट लागलं आणि काळं निघेना, तर मात्र कोळशी ही काळी बुरशी, म्हणजे वर कुठेतरी पांढरी माशी किंवा मावा बसलेला.

२८ डिसेंबर

पहाटे धुकं, नऊपर्यंत दंव. खालच्या पानांवर गोलात गोल वर्तुळांचे तपकिरी डाग, लवकरचा करपा. जमिनीपासून फूटभर सगळी पानं कापली, दुपारी, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसून. तोडायला आलेली फळं उतरवून बोर्डो एकदा.

चेरोकीच्या दोन पानांत रुंद, पारदर्शक फोड आणि आत काळी विष्ठा. ही टूटा, पान पोखरणारी अळी, भारतात २०१४ मध्ये पुण्याकडे पहिल्यांदा सापडली. साध्या नागअळीची रेघ नागमोडी आणि बारीक असते, हिचा डाग फुग्यासारखा पसरट. पानं चुरगळून जाळली. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या) नर अडकतात, अंडी माद्या घालतात. १५ झाडांत रोज पानं उलटून बघणं जास्त कामाचं. फळात डोकं खुपसून अर्धी बाहेर असलेली हिरवी अळी तीन ठिकाणी, हाताने वेचली. जास्त असती तर संध्याकाळी बीटी, म्हणजे अळी मारणाऱ्या जिवाणूची, पावडर, लिटरला १ ग्रॅम.

९ जानेवारी

गावठीची बुट्टी भरते आहे. चेरोकीची पहिली फळं उतरवली. त्याला लाल होईपर्यंत थांबायचं नाही : खांदे हिरवे राहतात, बुड विटकरी-जांभळं होतं, अंगठ्याने हलकं दबतं, तेव्हा ते तयार. बुडाशी रंग फुटला की काढून घरात परातीत एकेरी पसरलं तरी चव पूर्ण येते. फ्रिजमध्ये मात्र नको, तिथे वास मरतो. झाडावर ठेवावं तर बुलबुल आणि खार वाट बघतच असतात.

भेगा दोन प्रकारच्या. देठापासून उभ्या भेगा कोरड्या मातीला एकदम पाणी दिल्याने. गोल कड्यासारख्या भेगा वाणाचाच गुण, त्या राहणारच. पालाश कमी पडू नये म्हणून ०:०:५० (फक्त पालाश असलेलं विद्राव्य खत) लिटरला ३ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. ब्रँडीवाइन दोन झाडांवर मिळून अकरा फळं. चव वादातीत, पण जागा कमी असेल तर हे वाण सोडून द्यावं. तेवढ्या जागेत गावठी चौपट देतो.

२३ जानेवारी

बी काढलं. दोरा बांधलेल्या झाडांची, दुसऱ्या-तिसऱ्या गुच्छातली, खायच्या पक्वतेपलीकडे मऊ झालेली फळं. प्रत्येक वाणाची बरणी वेगळी. बी गरासकट बरणीत, पाणी न घालता, वर मलमल. पाणी घातलं तर आंबण्याऐवजी बी मोड काढतं. बियांभोवतीच्या बुळबुळीत आवरणात उगवण रोखणारे घटक असतात, आंबताना ते सुटतं आणि सोबत काही रोगही मरतात. रोज एकदा ढवळायचं.

२६ जानेवारी

वर पांढरी साय, आंबूस वास, बी तळाशी. यापुढे एक दिवसही नको. बरणी पाण्याने भरली, ढवळली, तरंगणारं पोकळ बी ओतून टाकलं. पाणी नितळ येईपर्यंत तेच. मग चाळणीत, आणि चाळणीतून स्टीलच्या ताटात. कागदावर किंवा फडक्यावर बी चिकटून बसतं. सावलीत, पंख्याखाली, दिवसातून दोनदा हाताने मोकळं करत. उन्हात नाही.

१६ फेब्रुवारी

बी नखाने वाकवलं तर मोडतं, वाकत नाही, वाळलं. उगवण तपासणी : २० बिया ओल्या फडक्यात, डब्यात, सात दिवस. गावठी १९, चेरोकी १८, सॅन मार्झानो १७, ब्रँडीवाइन १५. कागदी पाकिटं काचेच्या बरणीत, तळाशी कोरडे भाजून गार केलेले तांदूळ बरणीच्या पाव भागापर्यंत. दहा दिवसांनी तांदूळ बदलायचे. कोरडं आणि गार राहिलं तर हे बी चार-पाच वर्षं चालतं. पाकिटावर वाण, झाडाचा नंबर, बी काढल्याची तारीख आणि पिशवी लावली होती की नाही.

दुपारी ३४ अंश, नवीन फुलं गळू लागली. सॅन मार्झानो आणि ब्रँडीवाइन काढले. मुळ्या झटकून तपासल्या, गाठी नाहीत, म्हणजे सूत्रकृमी नाही. मान टाकलेलं एकही झाड नव्हतं. असतं तर खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात धरून पाहायचं. दुधी धागा निघाला तर जिवाणूजन्य मर, आणि त्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा काही वर्षं बंद.

गावठीची पाच झाडं मार्चपर्यंत ठेवत आहोत. रिकाम्या झालेल्या भागात मका. पुढच्या ऑगस्टचा टोमॅटो दुसऱ्या वाफ्यावर.